दिवा लागला, पण उमगले काय? लहान मुलांची विद्युत परिपथाची समज तपासताना

सेल, वायर आणि टॉर्चचा छोटा बल्ब मुलाच्या हातात दिला, थोड्या खटपटीनंतर बल्ब लागला, मुलाने टाळी वाजवली आणि मोठ्यांनी वहीत ‘परिपथ जोडता येतो’ असे लिहून टाकले, एवढ्यावर बहुतेक ठिकाणी हा विषय आटोपतो. परळ-लालबाग भागात वस्तीतील मुलांसाठी चालणाऱ्या विज्ञानवर्गात काम करताना मला जे दिसत आले ते असे, की विचारण्यासारखे प्रश्न बल्ब लागल्यानंतरच सुरू होतात आणि नेमके तेव्हाच आपण साहित्य आवरायला घेतो.

हा लेख पाच ते नऊ वर्षांच्या मुलांबरोबर प्रथमच असे काम करणाऱ्यांसाठी आहे: नव्याने रुजू झालेले प्राथमिक शिक्षक, डी.एल.एड. या प्राथमिक शिक्षक पदविकेचे छात्राध्यापक, स्वयंसेवक आणि घरी मुलांना शिकवणारे पालक. महाराष्ट्रात २०१० पासून सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन लागू आहे. त्यातील आकारिक, म्हणजे शिकणे चालू असतानाच करायच्या, मूल्यमापनाच्या साधनांपैकी दैनंदिन निरीक्षण, तोंडी काम आणि प्रात्यक्षिक ही तीन साधने येथे एकत्र वापरायची आहेत, त्यामुळे शाळेत काम करणाऱ्यांना हा वेगळा बोजा वाटण्याचे कारण नाही.

१. काय शोधायचे ते आधी ठरवा

विजेविषयी मुलांच्या मनात जे तर्क असतात ते आपल्याला वाटतात तितके विस्कळीत नसतात. न्यूझीलंडमधील संशोधक रॉजर ऑस्बर्न यांनी १९८०च्या दशकाच्या सुरुवातीस मुलांच्या मुलाखती घेऊन दाखवून दिले, की सेल आणि बल्ब यांच्याविषयीची मुलांची स्पष्टीकरणे थोड्याच ठरावीक साच्यांत बसतात. पुढे इतर देशांतही हेच साचे आढळले. ते ओळखता आले, की मुलाच्या एखाद्या वाक्यावरून बरेच काही हाती लागते.

पहिला साचा एकाच वायरीचा आहे. सेलमधून वीज निघते, बल्बमध्ये शिरते आणि तेथेच संपते, असे मूल मानते. दुसऱ्या साच्यात सेलच्या दोन्ही टोकांकडून वीज निघते आणि बल्बमध्ये तिची टक्कर होऊन उजेड पडतो. तिसऱ्यात वीज एका वायरीने येते, बल्ब त्यातली काही खातो आणि उरलेली दुसऱ्या वायरीने परत जाते. चौथा साचा शास्त्राला मान्य असलेला आहे: बल्बच्या अलीकडे आणि पलीकडे विद्युतधारा सारखीच असते, सेलमधील ऊर्जा खर्च होते पण धारा खर्च होत नाही.

आता पहिल्या साच्यातले मूल बल्ब लावू शकणार नाही, असे तुम्हाला वाटेल. तसे होत नाही. दुसरीतल्या एका मुलीने दोन वायरी लावून बल्ब अचूक पेटवला होता. एका वायरीवरून बोट फिरवत ती म्हणाली, “बाई, हिच्यातून करंट येतो.” दुसरी वायर कशासाठी आहे असे विचारल्यावर तिने तितक्याच सहजपणे सांगितले, “ती बल्बला धरून ठेवायला.” जोडणी बिनचूक होती, मनातला परिपथ मात्र एकाच वायरीचा होता, आणि तो प्रश्न विचारला नसता तर वहीत पूर्ण श्रेय नोंदले गेले असते.

वयाप्रमाणे अपेक्षा ठेवा. पाच-सहा वर्षांच्या मुलाने ‘दोन ठिकाणी जोडावे लागते’ हे हेरले तरी पुष्कळ झाले. आठ-नऊ वर्षांच्या मुलाने सेलपासून निघून सेलपर्यंत परत येणारा अखंड मार्ग बोटाने दाखवावा, मार्ग कोठे तुटला हे शोधावे, एवढे पाहा. चौथ्या साच्याची घाई करू नका. राज्य मंडळाच्या पाठ्यपुस्तकांत ‘धाराविद्युत आणि चुंबकत्व’ हा स्वतंत्र पाठदेखील आठवीत येतो. शिवाय हे साचे म्हणजे जिन्याच्या पायऱ्या नव्हेत. एकच मूल एका बल्बबाबत तिसऱ्या साच्याने बोलते आणि दोन बल्ब पुढे ठेवले की पहिल्या साच्याकडे वळते.

२. साहित्य जमवा आणि आदल्या दिवशी तपासा

साहित्यातली चूक मुलाच्या नावावर जमा होते, म्हणून या पायरीवर वेळ घालवा.

- दीड व्होल्टचे सेल. लहान हातांसाठी जाडे ‘डी’ आकाराचे सेल पेन्सिल सेलपेक्षा बरे पडतात, कारण ते घरंगळले तरी पकडता येतात आणि त्यांची दोन टोके ठळक दिसतात.
- अडीच व्होल्टचे, आट्यांचे, आत तार असलेले टॉर्चचे छोटे बल्ब. एका सेलवर ते मंद पण दिसण्याइतके लागतात, दोन सेलवर चांगले उजळतात. बल्बच्या कडेवर आकडा कोरलेला असतो तो वाचा. सहा व्होल्टचा बल्ब एका सेलवर लागलेला डोळ्यांना जवळजवळ कळतच नाही.
- प्लास्टिकच्या आवरणाची तांब्याची वायर, वीत-वीतभर तुकडे, दोन्ही टोके बोटाच्या पेरभर सोललेली. आत बारीक तारांचा झुपका असेल तर तो पिळून ठेवा.
- रबरबँड, चिकटपट्टी, कागदाच्या क्लिपा, पुठ्ठा, भिंग.
- कोरे कागद, पेन्सिल, पाचव्या पायरीत सांगितलेली चित्रकार्डे आणि नोंदवही.

टॉर्चमध्ये एलईडी आल्यापासून तारेचे छोटे बल्ब गल्लीतल्या दुकानात सहसा मिळत नाहीत. ग्रँट रोड स्थानकाच्या पूर्वेला लॅमिंग्टन रोडवर, म्हणजे आताच्या डॉ. दादासाहेब भडकमकर मार्गावर, इलेक्ट्रॉनिक सुट्या भागांची दुकाने आहेत. क्रॉफर्ड मार्केटजवळच्या लोहार चाळीत विजेच्या सामानाचा घाऊक बाजार आहे. दुकानदार एलईडी पुढे करील आणि तोच स्वस्त व टिकाऊ आहे असे सांगेल. पहिल्या तपासणीसाठी तरी तो घेऊ नका. लाल एलईडीलासुद्धा साधारण दोन व्होल्ट लागतात, त्यामुळे एका सेलवर तो लागत नाही, आणि तो उलटा जोडला तर दोन सेलवरही लागत नाही. मुलाची कल्पना पूर्ण बरोबर असून दिवा बंद राहिला, तर तुम्ही काय तपासले हे तुम्हालाच सांगता येणार नाही.

होल्डरही सुरुवातीला बाजूला ठेवा. होल्डरला दोन स्क्रू असतात, मूल दोन वायरी दोन स्क्रूंना जोडते, बल्ब लागतो. पण बल्बला स्वतःला दोन जागी स्पर्श लागतो, एक बुडाशी असलेल्या टोकाला आणि दुसरा कडेच्या आट्यांना, ही नेमकी तपासायची गोष्ट होल्डरच्या पोटात झाकली जाते. मोटार वाइंडिंगची चकचकीत तांब्याची तारही टाळा. तिच्यावर वॉर्निशचा पातळ थर असतो आणि तो खरवडल्याशिवाय जोडणी होत नाही.

सुरक्षिततेबाबत सवलत देऊ नका. घरातील २३० व्होल्टच्या प्लगशी या खेळाचा संबंध नाही, हे पहिल्या मिनिटाला मुलांना सांगा. मोबाइलची बॅटरी, पॉवर बँक आणि कोणतेही रिचार्जेबल सेल वापरू नका, कारण त्यांची दोन टोके थेट जोडली गेल्यास फार मोठी धारा वाहते. बटण-सेल तर त्या खोलीतही नकोत. गिळला गेलेला लिथियमचा बटण-सेल दोन तासांतही अन्ननलिका भाजू शकतो. साध्या सेलची दोन टोके एकाच वायरीने जोडली गेली तरी वायर तापते, म्हणून ‘गरम वाटले की लगेच सोड’ हा नियम आधी पाठ करून घ्या.

३. परवानगी आणि जागा

दुसऱ्यांच्या मुलांबरोबर काम करत असाल तर पालकांची लेखी संमती घ्या. शाळेत असाल तर मुख्याध्यापकांचीही. आवाज किंवा चित्रफीत मुद्रित करायची असल्यास संमतिपत्रात त्याचा वेगळा उल्लेख हवा, आणि ती चित्रफीत वर्गाच्या व्हॉट्सअॅप गटावर कौतुकानेसुद्धा टाकू नये.

एका वेळी एक मूल किंवा एक जोडी घ्या. वर्गात पन्नास मुले असतील तर बाकीच्यांना चित्राचे काम द्या आणि कोपऱ्यातल्या बाकावर पाळीपाळीने बोलवा. दहा बाय बाराच्या खोलीत हे काम करताना मोठे भावंड मागून उत्तर पुरवणार हे गृहीत धरून त्याला वेगळे काम नेमून द्या; ‘तू वायरी सोलून दे’ हे काम बहुतेकांना आवडते. खिडकीतून ऊन येत असेल तर मंद बल्ब दिसत नाही, तेव्हा जागा सावलीतली निवडा किंवा बल्बभोवती हाताची ओंजळ धरायला सांगा.

४. हात लावण्याआधी चित्र काढून घ्या

सेल, बल्ब आणि वायरी समोर ठेवा, पण मुलाने त्यांना लगेच हात लावायचा नाही. “हा बल्ब लावायचा असेल तर तू काय कुठे जोडशील ते काढून दाखव,” एवढेच सांगा. चित्राच्या सुबकतेशी आपल्याला कर्तव्य नाही. किती वायरी काढल्या, त्या कोठून निघून कोठे टेकल्या, बल्बला कोणत्या जागी स्पर्श केला आणि एखादी रेघ मध्येच हवेत सुटली का, एवढे पाहा.

लहान मुलांना बल्ब काढणे अवघड जाते, म्हणून बुडाचे टोक आणि कडेचे आटे स्पष्ट दिसतील असे बल्बचे मोठे चित्र छापून दिल्यास काम सोपे होते. चित्रातली रेघ संदिग्ध असेल तर ‘ही कुठे लागली आहे?’ असे विचारून मुलाचे उत्तर त्याच्याच शब्दांत रेघेशेजारी लिहा. परिपथाची पुस्तकी चिन्हे या वयात वापरू नका; त्यातून चिन्हांची आठवण तपासली जाते.

५. कार्डे मांडा: आधी अंदाज, मग प्रयोग

माझ्या मते सगळ्या तपासणीचा गाभा ही पायरी आहे. पोस्टकार्डाएवढ्या कागदांवर पुढील जोडण्या काढून ठेवा.

पहिल्या कार्डावर सेलच्या वरच्या टोपीपासून बल्बच्या बुडापर्यंत एकच वायर. दुसऱ्यावर बल्बचे बूड थेट सेलच्या टोपीवर टेकलेले आणि सेलच्या तळापासून निघालेली वायर बल्बच्या आट्यांना लागलेली. तिसरे दुसऱ्यासारखेच, फक्त सेल उलटा. चौथ्यावर सेलच्या दोन टोकांपासून निघालेल्या दोन्ही वायरी बल्बच्या बुडालाच लागलेल्या. पाचव्यावर दोन वायरी, एक बुडाला व एक आट्यांना. सहाव्यावर पाचव्यासारखीच जोडणी, पण एका वायरीचे टोक न सोललेले. सातव्यावर दोन्ही वायरी सेलच्या एकाच टोकाला. आठव्यावर पाचव्यासारखी जोडणी, परंतु एक वायर खूप लांब आणि जिलबीसारखी वेटोळी घातलेली.

दुसरे, तिसरे, पाचवे आणि आठवे कार्ड लागते. बाकीची लागत नाहीत. मुलाने कार्डांचे तीन गट करायचे: ‘लागेल’, ‘लागणार नाही’ आणि ‘सांगता येत नाही’. तिसरा गट ठेवाच. तो नसेल तर मूल तुमच्या चेहऱ्याकडे पाहून उत्तर ठरवते. गट पूर्ण होऊन नोंदले जाईपर्यंत एकही जोडणी करून पाहू नका, कारण निकाल दिसल्यावर मूल आपला अंदाज मागाहून बदलते आणि त्यात लबाडी नसते; आपण आधीपासून हेच म्हणत होतो असे त्याला खरोखर वाटते.

त्यानंतर एकेक जोडणी करून बघायची, आणि निकाल अंदाजाविरुद्ध गेला तर ‘आता काय वाटते?’ असे विचारायचे. चौथे कार्ड मात्र तुम्ही स्वतः क्षणभरच करून दाखवा, कारण त्यात सेलची दोन टोके बल्बच्या बुडाशी एकमेकांना मिळतात आणि वायरी तापतात. तिसऱ्या कार्डाकडे विशेष लक्ष द्या. वीज फक्त टोपीच्या बाजूनेच निघते असे मानणारी मुले ते ‘लागणार नाही’ मध्ये टाकतात. आठव्या कार्डावर ‘इतक्या लांब जाता जाता करंट दमेल’ अशी उत्तरे येतात. ती हसण्यावारी नेऊ नयेत, त्यातून विजेला वाटेत काय होते याविषयीची मुलाची कल्पना उघड होते.

येथे हातांच्या ताकदीचा प्रश्न येतो. सेल, बल्ब आणि दोन वायरींची चार टोके एकाच वेळी धरणे मोठ्यांनाही जड जाते. सहा वर्षांच्या मुलाचा बल्ब लागला नाही तर ते समजेचे अपयश आहे की बोटांचे, हे वेगळे काढायला हवे. सोपा उपाय असा, की तुम्ही मुलाचे जास्तीचे हात व्हा. “कुठे धरू ते तू सांग,” असे म्हणून मूल सांगेल अगदी तेथेच धरा, चुकीचे सांगितले तरी तेथेच. हात आपोआप योग्य जागी सरकतो, त्याला आवरा.

६. विचारा, आणि मग गप्प बसा

प्रश्न मोकळे ठेवा. “करंट पूर्ण गोल फिरतो ना?” या प्रश्नाला मूल मान डोलावणारच. “सेलपासून बल्बपर्यंत काय काय होत असेल, बोट फिरवून सांग,” “ही दुसरी वायर काढली तर?”, “बल्बमधून पुढे काही जाते का?” असे विचारा. मूल वीज, करंट, लाइट, पॉवर यांपैकी जो शब्द वापरील तोच तुम्हीही वापरा.

‘असे का वाटले?’ हा प्रश्न बरोबर उत्तरालाही विचारा. तो फक्त चुकीच्या उत्तराला विचारला गेला तर दोन-तीन वेळांतच मुलांना खूण पटते आणि प्रश्न आला की ती उत्तर फिरवतात. प्रश्नानंतर थांबणेही तितकेच महत्त्वाचे आहे. अमेरिकेतील मेरी बड रो यांनी १९७०च्या दशकात वर्गांतील संवाद तपासले, तेव्हा शिक्षक प्रश्न विचारून सरासरी सेकंदभरच थांबतात आणि ही प्रतीक्षा तीन सेकंदांवर नेली तर मुलांची उत्तरे लांब व अधिक विचारपूर्वक येतात, असे त्यांना आढळले. मनातल्या मनात पाचपर्यंत मोजा. शांतता अवघडल्यासारखी वाटते, पण ती आपल्यालाच. मूल त्या वेळी बल्बकडे पाहत असते.

एक मोह मुंबईकरांनी टाळावा. चर्चगेटहून सुटलेली लोकल प्रवासी घेऊन विरारला जाते आणि रिकामी परत येते, तशी वीज फिरते, असे समजावण्याची अनेकांना सवय आहे. मोठ्यांच्या मनात गाडी म्हणजे धारा आणि प्रवासी म्हणजे ऊर्जा असा भेद असतो; मुलाला मात्र माणसांनी भरलेली गाडी जाताना आणि रिकामी गाडी येताना दिसते, आणि ‘बल्ब करंट खातो’ हा तिसरा साचा आपण आपल्या हातांनी पक्का करतो. निदान तपासणी चालू असताना तरी कोणतीही उपमा देऊ नका. नंतर मुलाच्या तोंडून ती लोकल परत आली, तर ती समज त्याची होती की तुमची, हे ओळखता येत नाही.

७. बिघडलेली जोडणी शोधायला द्या

बल्ब लावता येणे आणि न लागलेल्या बल्बचे कारण शोधता येणे यांत मोठे अंतर आहे. पुठ्ठ्यावर एक पूर्ण जोडणी तयार करा, कागदाच्या दोन क्लिपांची कळ (स्विच) बनवा आणि तीत एकच दोष ठेवा: कधी कळेखाली चिकटपट्टीचा तुकडा, कधी न सोललेले टोक, कधी उतरलेला सेल. सुरुवात डोळ्यांना दिसणाऱ्या दोषाने करा.

मूल कसे शोधते ते पाहा. काही मुले सगळे हलवून बघतात. काही बल्ब बदलतात आणि तेवढ्यावर थांबतात. काही मात्र सेलपासून बोट ठेवून वायरीने पुढे पुढे जातात. ही मुले अखंड मार्गाचा विचार करत आहेत असे निश्चिंतपणे नोंदवता येते. “सेल उतरलाय” हे उत्तर सर्वाधिक वेळा ऐकू येईल. ते सरसकट सबब म्हणून धरू नका; घरातल्या टॉर्चच्या आणि रिमोटच्या अनुभवातून आलेला तो रास्त तर्क असतो. “मग सेल उतरलाय की नाही हे कसे बघशील?” असा पुढचा प्रश्न करा. दुसऱ्या चालू बल्बवर सेल लावून पाहण्याची कल्पना मुलाला स्वतःहून सुचली, तर ती नोंद ठळक अक्षरांत लिहिण्यासारखी आहे.

सुवाहक-दुर्वाहकाची, म्हणजे वीज वाहू देणाऱ्या आणि न देणाऱ्या पदार्थांची, तपासणीही येथेच उरकता येते. स्टीलचा चमचा, नाणे, खोडरबर, काचेची बांगडी, चॉकलेटचा चंदेरी कागद असे पदार्थ मार्गात ठेवून आधी अंदाज घ्या. ‘चमकते ते चालते’ असा नियम मुले करतात, म्हणून एक चंदेरी रंगाचा प्लास्टिक चमचा हमखास ठेवा. पेन्सिलीच्या शिशातून वीज वाहते, पण बल्ब इतका मंद होतो की ‘लागला नाही’ असाच निष्कर्ष निघतो. लहान मुलांसाठी ते वगळा.

८. दोन बल्ब: आठ-नऊ वर्षांच्या मुलांसाठीच

दोन सेल आणि एकापुढे एक जोडलेले दोन बल्ब, म्हणजे एकसर जोडणी, यांवर ‘कोणता जास्त उजळेल?’ हा प्रश्न तिसरा साचा उघड करतो. ‘पहिला जास्त, कारण त्याला करंट आधी मिळतो’ असे उत्तर आले तर मूल धारा खर्च होते असे मानत आहे.

येथे एक खोल खड्डा आहे. स्वस्तातले दोन बल्ब दिसायला सारखे असले तरी सारखे उजळतीलच असे नाही. नेमका सेलच्या टोपीकडचा बल्ब अधिक उजळला, की मुलाच्या चुकीच्या तर्काला प्रत्यक्ष पुरावा मिळतो आणि मग तुमचे शब्द निष्प्रभ ठरतात. एकाच पाकिटातले बल्ब घ्या, आदल्या दिवशी जोड्या लावून सारखे उजळणारे दोन निवडा, आणि तरीही फरक दिसला तर मुलाच्या देखत त्यांच्या जागा बदला. अधिक उजळणारा बल्ब दुसऱ्या जागी गेल्यावरही तसाच उजळला, तर फरक जागेमुळे नव्हता हे मुलाला स्वतः दिसते. एका सेलवर हा प्रयोग करू नका. दोन्ही बल्ब बंदच वाटतात.

९. नोंद कशी लिहावी

तयार वर्णनात्मक नोंदींच्या याद्या शिक्षकांमध्ये फिरत असतात आणि महिनाअखेरीस त्या उतरवून काढण्याचा मोह होतो. ‘विद्युत साहित्याची जोडणी करतो’ ही नोंद वर्गातल्या कोणत्याही मुलाला चिकटवता येते, म्हणून ती कोणाच्याही उपयोगाची नाही. नोंदीत चार गोष्टी वेगवेगळ्या ठेवा: मुलाने काय केले, काय म्हटले, तुम्ही किती मदत केली आणि त्यावरून तुम्हाला काय वाटते. चौथी गोष्ट तुमचा अंदाज आहे, तो पहिल्या तिन्हींत मिसळू देऊ नका.

उदाहरणादाखल अशी नोंद पाहा: ‘चित्रात एक वायर. कार्ड १ “लागेल” गटात, कार्ड ३ “सांगता येत नाही” गटात. प्रत्यक्षात पाचव्या कार्डाची जोडणी विनामदत केली. दुसऱ्या वायरीविषयी: “ती नसली तर बल्ब पडेल.” वायर काढल्यावर बल्ब विझलेला पाहून गप्प, मग “हिच्यातून पण येतो.” अंदाज: एकाच वायरीच्या कल्पनेकडून दोन्हीकडून वीज येण्याच्या कल्पनेकडे. पुढे पाहायचे: सेल उलटा केल्यावर काय म्हणतो.’ अशी नोंद वाचून दुसरा शिक्षकही पुढचे काम हाती घेऊ शकतो.

मदतीसाठी तीन खुणा पुरतात: स्वतः, सूचनेनंतर, करून दाखवल्यावर. गुण देऊ नका, आणि ‘समजले’ किंवा ‘समजले नाही’ असा शेराही मारू नका. मुलाचे शब्द त्याच दिवशी उतरवा. दुसऱ्या दिवशी आपण ते नकळत शुद्ध आणि शास्त्रीय करून लिहितो.

१०. दोन-तीन आठवड्यांनी वेगळ्या वस्तूवर पुन्हा पाहा

त्याच कार्डांवर पुन्हा विचारले तर पाठांतर तपासले जाईल. सेल घालायची जुनी टॉर्च उघडून द्या आणि “यात वायर तर दिसत नाही, मग वीज कुठून जाते?” असे विचारा. तळाची स्प्रिंग, कडेची धातूची पट्टी, बटण आणि बल्ब असा मार्ग मुलाने जोडून दाखवला, तर समज एका सामानापुरती नाही असे म्हणता येते. गणपतीच्या किंवा दिवाळीच्या दिवसांत रोषणाईच्या माळेचा अर्धाच भाग बंद पडलेला सहज सापडतो. अशा माळेत दिव्यांचे अनेक गट असतात आणि एका गटातील मार्ग तुटला तर तेवढाच गट विझतो. ‘अर्धीच का गेली असेल?’ यावर मोठी मुले रंगून बोलतात. माळ मात्र लांबूनच पाहायची, कारण ती घरातल्या प्लगवर चालते.

दरम्यानच्या काळात काय शिकवायचे ते नोंदीवरून ठरते. एकाच वायरीची कल्पना असलेल्या मुलाच्या हाती भिंग द्या आणि बल्बच्या आतली तार कोणत्या दोन दांड्यांवर टेकली आहे ते शोधू द्या. काच फोडू नका. टक्कर मानणाऱ्या मुलासाठी सेल उलटसुलट करण्याचे प्रयोग वाढवा. शिक्षकांना स्वतःची तयारी वाढवायची असेल, तर विज्ञान शिकताना मुलांच्या मनात कोणत्या कल्पना असतात यावर मानखुर्द येथील होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्रात दीर्घकाळ काम झालेले आहे. सहलीच्या निमित्ताने वरळीचे नेहरू विज्ञान केंद्रही पाहता येते, मात्र तेथे मुलाने बटण दाबल्यावर काय झाले यापेक्षा दाबण्याआधी त्याला काय होईल असे वाटले होते ते विचारा.

पालकांना नोंद दाखवताना मुलाचे चित्र सोबत ठेवा आणि आता घरी त्याची चूक सुधारत बसू नका असे स्पष्ट सांगा, नाहीतर पुढच्या भेटीत मूल आईबाबांचे वाक्य म्हणून दाखवते. त्याच भेटीत ‘हे घरातल्या प्लगवर करून चालेल का?’ असे मुलालाच त्यांच्यादेखत विचारा. साहित्य परत ठेवताना सेल आणि सोललेल्या वायरी एकाच पत्र्याच्या डब्यात टाकू नका. सेल प्लास्टिकच्या डब्यात ठेवा, त्यांच्या टोकांवर चिकटपट्टी लावा आणि पाझरलेला सेल दिसला तर तो मुलांच्या हाती लागण्याआधी काढून टाका.